तळपायावरचा तीळ

वांग, तीळ, मस, चामखीळ, कुरूप. आमच्या आजीच्या बोलण्यात हे शब्द इतक्या सहज येत, की त्यांना काही कुळकथा असेल अशी शंकाही आम्हांस त्या वयात आली नाही. ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्यांचे चेहरे न्याहाळणे हा तिचा आवडता उद्योग होता. 'हिच्या गालांवर वांग उमटलाय, घरात सुख दिसत नाही,' असे निदान ती दारातल्या बाईची पाठ वळताच करून मोकळी होई. आम्ही तेव्हा वांग आणि वांगे यांत गल्लत करीत असू, आणि त्या बाईच्या घरी भाजीला रोज वांगीच होत असतील म्हणून ती दुःखी असावी, असा निष्कर्ष काढून आपल्यापुरते समाधान मानीत असू.

पुढे महाविद्यालयात संस्कृत घेतले. आजोबा शाळामास्तर, वैद्यकी त्यांनी कधी केली नाही, पण त्यांच्या कपाटात गर्द्यांचे 'सार्थ वाग्भट' होते आणि निर्णयसागर छापखान्याने १९३८ साली काढलेली, डल्हणाच्या टीकेसह असलेली 'सुश्रुतसंहिता'ही होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत, वेळ जाईना म्हणून, आम्ही ती चाळू लागलो आणि एका दुपारी आजीच्या ओट्यावरच येऊन पोहोचलो. सुश्रुताच्या निदानस्थानाचा तेरावा अध्याय उघडला होता. तिथे व्यंग होता, तिलकालक होता, मषक होता. त्याआधी दुसऱ्या अध्यायात, मुळव्याधीच्या प्रकरणाच्या शेवटी, चर्मकीलही भेटून गेला होता. व्यंगाचा वांग झाला, तिलकालकाचा तीळ, मषकाचा मस, आणि चर्मकीलाची चामखीळ. चामड्यात ठोकलेला खिळा! निरक्षर आजीच्या तोंडी दीडदोन हजार वर्षांपूर्वीची परिभाषा, थोडी झिजून का होईना, जिवंत होती. त्या शोधाचा आम्हांस झालेला आनंद फार मोठा होता. त्या आनंदाचेच पुढे काय झाले, ते सांगण्यासाठी हा लेख.

त्या अध्यायाचे नाव 'क्षुद्ररोगनिदान'. सुश्रुताने असे ४४ रोग मोजले आहेत. वाग्भटाने 'अष्टांगहृदया'च्या उत्तरस्थानात ३६. क्षुद्र म्हणजे किरकोळ, लहानसे. ज्यांची कारणे आणि लक्षणे चार ओळींत सांगून संपतात, असे. या यादीत कोण नाही? पायांच्या भेगा आहेत, चिखल्या आहेत, डोक्यातला कोंडा आहे, चाई आहे, अकाली पिकलेले केस आहेत, तारुण्यपीटिका आहेत. माणसाला जिवानिशी न मारणारी, पण आरशासमोर रोज छळणारी ही सगळी मंडळी शास्त्रकारांनी एका ओळीत बसवली आहेत. ज्याने मूतखडे काढण्याच्या शस्त्रक्रियेचे वर्णन केले, त्यालाच गालावरच्या डागाचेही अगत्य असावे, याचे आम्हांस फार कौतुक वाटले.

कौतुक वाटावे असे त्या वर्णनांत आहेही. तिलकालक म्हणजे त्वचेशी सपाट असलेला, काळा, न दुखणारा, तिळाच्या दाण्याएवढा डाग. मषक उडदासारखा: काळा, उंचावलेला, स्थिर, वेदना नसलेला. त्याहूनही अधिक वर आलेली ती चर्मकील, असे वाग्भट सांगतो. जतुमणी आणि न्यच्छ हे जन्मापासूनचे. वाग्भट जन्मजात सपाट डागाला 'लांछन' म्हणतो; म्हणजे नुसती खूण. मराठीत येईतो त्या खुणेची बदनामी झाली, आणि व्यंग हा शब्दही डागापुरता न राहता देहाच्या प्रत्येक उणिवेला चिकटला. समाजाने त्वचेवरच्या डागाकडे कसे पाहिले, याचा इतिहास या दोन शब्दांच्या प्रवासातच लिहिलेला आहे.

आणि वांग? क्रोध आणि आयास यांनी खवळलेला वायू पित्ताशी मिळतो, तोंडावर येतो, आणि तेथे पातळ, श्यावल, न दुखणारे मंडल उठवतो, असे सुश्रुत म्हणतो. आज वांगाची कारणे निराळी सांगतात: ऊन, गर्भारपण, संप्रेरकांच्या गोळ्या, घराण्यात चालत आलेला कल. तरी राग आणि कष्ट हे दोन शब्द वाचताच आम्हांस आजी आठवली. उन्हातान्हात राबणाऱ्या, मनातल्या मनात धुमसणाऱ्या बायकांच्या गालांकडे पाहून तिने केलेले निदान पोथीतल्या निदानापासून फारसे दूर नव्हते.

उपचारांच्या बाबतीतही ग्रंथकारांनी सर्वांना एकाच चाबकाने हाकलेले नाही. वांगासाठी लेप आहेत. शार्ङ्गधराने सांगितलेल्या एका लेपात रक्तचंदन, मंजिष्ठ, लोध्र, कोष्ठ, गव्हला, वडाचे कोंब आणि मसूर आहेत. आजही काष्ठौषधींच्या दुकानात हे सगळे मागता येते. शिरेतून रक्त काढणेही सांगितले आहे. पण तीळ, मस, जतुमणी आणि चामखीळ यांच्यासाठी सुश्रुताचा आदेश स्वच्छ आहे: शस्त्राने उचलून काढावे, आणि मग क्षाराने किंवा अग्नीने जाळावे, तेही अशेष, काही शिल्लक न ठेवता. या 'अशेष' शब्दाकडे आम्ही तेव्हा विशेषण म्हणून पाहिले आणि पुढे गेलो.

हे जाळणे आम्ही प्रत्यक्ष पाहिले आहे. आमच्या आजोळी, कृष्णाकाठी, एक वैद्यबुवा होते. दर पावसाळ्यानंतर ते आघाडा उपटून आणवीत, वाळवीत आणि अंगणात जाळीत. ती राख सहापट पाण्यात कालवून एकवीस वेळा गाळायची, आणि ते पाणी मंद आचेवर आटवायचे. एकवीस वेळा कशासाठी, असे एकदा विचारले, तर म्हणाले, 'विसाव्यांदा कंटाळा येतो, म्हणून.' चामखिळीच्या भोवती तूप लावून ते काडीने नेमका मधोमध क्षार ठेवीत आणि शंभर मोजू लागत. मोठ्याने, सावकाश. शंभर अंक होईतो तेथे पिकलेल्या जांभळाचा रंग येई. मग लिंबाचा रस पिळून क्षार शमवायचा, धुवायचे, वर पुन्हा तूप. क्षाराचे तेज आंबटाने उतरते, हे सुश्रुताने नोंदवून ठेवले आहे. शाळेत आम्लारी शिकताना आम्हांस त्यात नवे काही वाटले नाही, ते वैद्यबुवांच्या पडवीमुळे.

पण या पडवीतली एक गोष्ट आमच्या लक्षात तेव्हा आली नव्हती, ती आता सांगतो. क्षाराची कुपी उघडण्यापूर्वी बुवा खिशातून भिंग काढीत आणि चार प्रश्न विचारीत. 'कधीपासून आहे? वाढतंय का? रंग पालटला का? रक्त येतं का?' उत्तरे मनासारखी आली तर कुपी उघडे. एकदा एक शेतकरी कानाजवळचा काळपट उंचवटा दाखवायला आला. बुवांनी भिंगातून पाहिले, प्रश्न विचारले, आणि हात धुतले. क्षार लावण्यापूर्वीच हात धुतलेले पाहून आम्हांस नवल वाटले. 'हे क्षुद्र नव्हे,' एवढेच ते म्हणाले. आणि साताऱ्याच्या सरकारी डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी लिहून त्यांनी त्याला एसटीच्या भाड्याचे पैसे दिले. तो माणूस काहीसा नाराज होऊनच गेला. एवढ्या लांबून आलो आणि बुवांनी साधी राखही लावली नाही, असे तो बाहेर कुणाला तरी सांगत होता.

आता मुख्य गोष्टीकडे वळतो. तिच्याकडे वळण्याची टाळाटाळ इथवर केली, हे सुज्ञ वाचकांच्या ध्यानात आलेच असेल.

२००८ सालची नरकचतुर्दशी. आमची आत्या पाटावर बसली होती आणि घरातली सून तिच्या पायांना तेल चोळीत होती. आत्या अकाली विधवा झालेली, माहेरी परतलेली, आणि आमची आई नोकरी करीत असल्यामुळे आम्हांस तिनेच वाढवलेले. डाव्या तळपायाला, टाचेच्या जरा पुढे, मसुराच्या दाण्याएवढा काळा डाग सुनेला दिसला. 'आत्याबाई, तळपायाला तीळ! म्हणजे प्रवासाचा योग. काशी घडणार तुम्हाला.' सगळे हसले. पंढरपूरच्या पलीकडे कधी न गेलेली आत्याही हसली आणि म्हणाली, 'काशीला जायला पाय आधी धड हवेत गं.' मग आमच्याकडे वळून तिने विचारले, 'काय रे, एवढं संस्कृत शिकलास, तुझ्या पोथीत याला काय म्हणतात?'

'कुरूप असेल आत्या. अनवाणी हिंडतेस अंगणात, काटाबिटा रुतला असेल,' आम्ही म्हणालो. आणि विद्वत्ता दाखवण्याची संधी दवडायची कशाला, म्हणून पुढे जोडले, 'कदर म्हणतात संस्कृतात.'

त्या दिवसापासून त्या डागाला नाव मिळाले. नाव मिळाले की माणूस स्वस्थ होतो. ते कुरूप आहे, हे घरात सर्वांना ठाऊक झाले. कुरुपाला काय करतात तेही ठाऊक होते. औषधांच्या दुकानातून कुरुपाच्या पट्ट्या आणल्या. त्या महिना दोन महिने लावल्या. वरचे कातडे पांढरे होऊन निघे आणि खालचा काळा डाग तसाच राही. गल्लीतल्या एका डॉक्टरांना जाता जाता दाखवले. त्यांनी उभ्याउभ्याच पाहिले आणि 'कुरूपच आहे, पट्टी चालू ठेवा' म्हणून सांगितले. तेव्हा आधुनिक औषधाने गुण येत नाही, असा निर्णय आम्ही दिला आणि रविवार पेठेतल्या काष्ठौषधींच्या दुकानातून बिब्बे आणले. बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरला, की काळे, चिकट तेल सुटते. कपड्यांवर खुणा घालायला परीट ते वापरीत, कारण तो डाग कधीच जात नाही. ते तेल आम्ही आमच्या हातांनी आत्याच्या तळपायावर टेकवले. एकदा नव्हे, तीन वेळा.

पाय सुजला, भोवती पुरळ उठले. 'बिब्बा उतला,' असे शेजारी म्हणाले, आणि तेही नाव आम्हांस पुरले. पुरळ गेले, पण मधली जखम भरली नाही. तिच्यातून कधीमधी रक्त येई. २०१० च्या उन्हाळ्यात जांघेत गाठ आली. पायाला जखम असली की जांघेत अवधाण येतेच; हा शब्दही आजीचाच. म्हणून आणखी महिनाभर वाट पाहिली. तीळ, कुरूप, बिब्बा उतणे, अवधाण: प्रत्येक टप्प्यावर आमच्यापाशी एक शब्द तयार होता, आणि प्रत्येक शब्दाने आम्हांस आणखी काही दिवस घरी बसवले.

ज्या शल्यचिकित्सकांनी शेवटी तो पाय उजेडात धरून नीट पाहिला, त्यांनी मोजके प्रश्न विचारले. 'किती दिवसांपासून आहे? वाढत गेलं का? रंग बदलला का? रक्त कधी येऊ लागलं?' ते बोलत असताना आम्हांस आजोळची पडवी दिसू लागली. तेच चार प्रश्न. फक्त पाचवा निराळा होता: 'यावर काय काय लावलंत?' आम्ही सांगितले. ते रागावले नाहीत. 'तुकडा काढून तपासू,' म्हणाले. घरात लगेच कुजबुज झाली, की सुई लावली म्हणजे पसरते. ही समजूत आपल्याकडे फार खोलवर रुजलेली आहे आणि ती चुकीची आहे. तपासणीसाठी तुकडा काढल्याने हा रोग पसरत नाही, तपासणी न केल्याने मात्र तो वाढायला मोकळा राहतो.

त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा तो कर्करोग होता, मेलॅनोमा. गोऱ्या कातडीच्या लोकांत तो उन्हाने रापलेल्या पाठीपायांवर अधिक आढळतो. आपल्यासारख्या सावळ्या लोकांत तो एकूणच विरळा. पण होतो तेव्हा बहुधा जिथे ऊन पोहोचत नाही आणि जिकडे आपण पाहत नाही, तिथे होतो: तळपाय, तळहात, नखाखाली. गायक बॉब मार्ले याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली झालेला हाच. फुटबॉल खेळताना लागले असेल, असे आधी वाटले. १९७७ साली निदान झाले आणि १९८१ साली, छत्तिसाव्या वर्षी, तो गेला. आत्याला बॉब मार्ले ठाऊक नव्हता. 'त्याच्याही घरी कुणी संस्कृत शिकलेलं होतं का रे?' असे तिने विचारले असते, एवढे मात्र खरे.

प्रवासाचा योग अशा रीतीने आला. आत्या जन्मात प्रथमच मुंबईस गेली, परळला. खिडकीशी बसून तिने घाटातले बोगदे मोजले. टाचेचा भाग काढून मांडीची त्वचा तेथे लावली, जांघेतल्या गाठी काढल्या. त्यानंतर तो पाय कायमचा सुजलेला राहिला. पुढच्या दीड वर्षात ती त्या वाटेने नऊ वेळा गेली आणि आली. २०१२ च्या श्रावणात ती वारली. या रोगात शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीला मोकळे करणारी औषधे २०११ पासून परदेशात मिळू लागली होती; त्यांच्या मुळाशी असलेल्या संशोधनाला २०१८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. तिच्यापर्यंत ती पोहोचली नाहीत. तरी आजही या रोगातला सर्वांत चांगला उपाय तोच आहे, जो दिवाळीच्या त्या सकाळी अर्ध्या तासाचा होता: डाग लहान असताना तो भोवतालच्या थोड्या निरोगी त्वचेसह काढणे आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे.

वर्षश्राद्धानंतर आम्ही पुन्हा ते पुस्तक काढले. तेरावा अध्याय. कदराचे लक्षण आम्ही तोवर कधी नीट वाचलेच नव्हते, नाव तेवढे पाठ होते. सुश्रुत म्हणतो: खड्यांनी पाय चेचला, काट्याने क्षत झाला, म्हणजे तेथे खिळ्यासारखी कठीण, बोराएवढी गाठ होते, आणि ती दुखते. कठीण. गाठ. दुखते. आत्याचा डाग सपाट होता, मऊ होता आणि त्या दिवाळीला मुळीच दुखत नव्हता. ते कदर नव्हते, हे कळायला सूक्ष्मदर्शक लागत नव्हता. आमच्या स्वतःच्या पोथीतली दोन ओळींची व्याख्या पुरेशी होती. ज्या ग्रंथाचा हवाला देऊन आम्ही तिला घरी बसवले, त्या ग्रंथानेच आम्हांस खोटे पाडले होते.

तो तिलकालकही नव्हता. तिलकालक तिळाएवढाच असतो, वाढत नाही. मषक नव्हता, कारण उंच नव्हता. न्यच्छ नव्हता, कारण जन्मापासूनचा नव्हता. ४४ पैकी एकही व्याख्या त्याला बसत नव्हती, आणि हीच सर्वांत मोठी खूण होती. यादीत न बसणारी गोष्ट यादीबाहेरची असते, एवढा साधा तर्क आम्ही केला नाही. वैद्यबुवांनी 'हे क्षुद्र नव्हे' म्हटले ते याच तर्काने. त्यांना मेलॅनोमा हा शब्द ठाऊक असण्याचे कारण नव्हते. आपल्या यादीची कड कोठे संपते, हे मात्र त्यांना पक्के ठाऊक होते.

'हे सारे आमच्या ग्रंथांत आधीच होते' असे म्हणण्याचा मोह या जागी होतो. तो आम्ही आवरतो. सुश्रुताने अर्बुदांचा वेगळा अध्याय लिहिला आहे. हळूहळू वाढणारी, खोल मुळाची, न पिकणारी ती मांसाची वाढ; तिच्यातले काही प्रकार असाध्य असल्याचे त्याने मोकळेपणाने सांगितले आहे. अर्बुद काढताना दोष शिल्लक राहिला तर ते पुन्हा उद्भवते, म्हणून निःशेष काढावे, असाही इशारा आहे. तेव्हा आम्हांस त्या 'अशेष' शब्दाचा अर्थ लागला. पण तळपायावरचा काळा सपाट डाग हा अर्बुदाचा आरंभ असू शकतो, हे त्यात नाही. ते सूक्ष्मदर्शकाने शिकवले. आणि आणखी एक. नुसते जाळले की तपासायला काही उरत नाही. डाग कोठवर पसरला होता, त्याची कड कोठे होती, हे सांगणारा पुरावाच राख होतो. सुश्रुताच्या आदेशात शस्त्र आधी आहे आणि क्षार नंतर. घरोघरी आज जे चालते त्यात शस्त्र गळाले, व्याख्या गळाली, चार प्रश्न गळाले. उरला तो नुसता चटका. कोठे चुना आणि खाण्याचा सोडा कालवून लावतात, कोठे निवडुंगाचा चीक, कोठे कोणत्याही पत्त्याविना विकली जाणारी कुपी.

या चटक्यांची कीर्ती टिकून आहे, त्यालाही कारण आहे. आपण ज्यांना चामखीळ म्हणतो, त्यांतल्या पुष्कळ विषाणूंमुळे होतात आणि, विशेषतः मुलांत, वर्ष-दोन वर्षांत आपणहून जातात. घोड्याच्या शेपटीचा केस बांधा, चुना लावा, की अमावास्येला तिठ्यावर मीठ टाका. श्रेय त्या त्या उपायाला मिळते. मानेवर लोंबणाऱ्या मऊ चामखिळींची तऱ्हा वेगळी. त्यांची संगत स्थूलपणाशी आणि मधुमेहाशी आढळते, म्हणून त्या जाळण्यापेक्षा रक्तातली साखर तपासणे अधिक शहाणपणाचे. शंभरातल्या बहुतेक डागांना काही केले नाही तरी चालते. अडचण एवढीच, की चटका देणाऱ्या हाताला तो उरलेला एक डाग ओळखता येत नाही.

ओळखायचे कसे, हे आम्ही नंतर एका त्वचारोगतज्ज्ञ मित्राकडून शिकलो. तिळाच्या दोन अर्धांचा मेळ बसत नाही, कडा वेड्यावाकड्या आहेत, एकाच तिळात दोनतीन रंग आहेत, रुंदी सहा मिलिमीटरांहून अधिक आहे, आणि सर्वांत महत्त्वाचे, तो बदलतो आहे: यांतले काहीही दिसले की दाखवावे. तळपायावर, तळहातावर नवा काळा डाग उठला, नखात काळी उभी रेघ उमटून रुंद होत चालली, जखम महिनाभरात भरली नाही, तर थांबू नये. आमच्या मित्राने भिंग लावून स्वतःच्या तळपायावरचा एक निरुपद्रवी तीळ आम्हांस दाखवला. पायाच्या कातडीवर नांगरटीसारख्या समांतर रेषा असतात. सऱ्या आणि वरंबे. साध्या तिळाचा रंग बहुधा सऱ्यांत साठतो, त्या रोगाचा वरंब्यांवर. जपानी तज्ज्ञांनी हा भेद प्रथम नीट मांडला. पायावरच्या रेषा पाहून भविष्य सांगणारे आम्ही पुष्कळ पाहिले होते. त्या रेषांत खरोखरच भविष्य लिहिलेले असते, हे त्या दिवशी कळले.

आयुर्वेदावर राग धरून आम्ही हे लिहीत नाही. वांगासाठी आमच्या घरी आजही मसूर आणि मंजिष्ठाचा लेप होतो, आणि टोपी घालून बाहेर पडण्याचा उपदेशही होतो. कुरुपाची पट्टी आधुनिकच होती, उभ्याउभ्या मान डोलावणारे डॉक्टरही आधुनिकच होते. चूक कोणत्या एका पद्धतीची नव्हती. नाव सांगता आले म्हणजे ओळख पटली, असे आम्ही समजलो, ती चूक आमची होती. आजीचे शब्द आम्हांस वारशाने मिळाले; त्या शब्दांमागची, वैद्यबुवांच्या भिंगामागची, थांबून पाहण्याची सवय आम्ही वारशात घेतली नाही.

परवा नरकचतुर्दशीला घरातल्या सर्वांना ओळीने पाटावर बसवले. तेल चोळण्याचे काम आता आमच्याकडे असते. धाकट्या नातीने पाय पुढे केला आणि विचारले, 'आबा, तुम्ही सगळ्यांचे पाय उलटे करून काय बघता?' तिच्या उजव्या तळपायाला, बोटांच्या खाली, तिळाएवढा एक तपकिरी ठिपका आहे. आम्ही चष्मा पुसला, तो पाय उजेडाकडे वळवला आणि तिच्या आईला विचारले, 'हा कधीपासून आहे?'

'पोटातूनच घेऊन आली आहे, बाबा. बारशाच्या फोटोतही दिसतो. एवढाच होता.'

तरी आम्ही त्याचे छायाचित्र काढून ठेवले, शेजारी मोजपट्टी धरून. मग पायाला तेल लावले.